मौन आहे की नेट गेलंय?

प्रश्न : नमस्कार ताई, मी समुपदेशक आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये नाइलाजाने ऑनलाइन सेशन्स सुरू केली ती अजून चालूच आहेत. पण समोरासमोर सहा जणांना भेटून थकायचे नाही तेवढी आता तीन व्हिडिओ कॉलमध्ये गळून जाते. आणि क्लायंट गप्प झाला की कळतच नाही, विचार करतोय की नेट गेलंय, मग मीच 'आवाज येतोय ना?' विचारून मोकळी होते. माझं काही चुकतंय का?

उत्तर : अहो, चुकत-बिकत काही नाही, सगळ्यांचं होतं हे. माझ्या एक क्लायंट बोलता बोलता थांबल्या, मला वाटलं स्क्रीन अडकली, मी आपलं 'हॅलो हॅलो' सुरू केलं, तर त्या म्हणाल्या, 'सांगणारच होते, आता राहू दे.' तेव्हापासून पहिल्याच सेशनला सांगून टाकते की तुम्ही गप्प बसलात तर मीही गप्प बसणार, आणि खरंच नेट गेलं तर मी फोन करीन.

थकव्याचं म्हणाल तर स्टॅनफर्ड विद्यापीठातले प्राध्यापक जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये चार कारणं मांडली होती : अगदी जवळून रोखलेल्या नजरा, सतत दिसणारा स्वतःचाच चेहरा, एका जागी जखडून बसणं आणि हावभाव वाचायला मेंदूला पडणारे जास्तीचे कष्ट. आपल्याला हे चौथं फार नडतं, कारण हलणारा पाय, वळलेली मूठ सगळं चौकटीच्या खाली. स्वतःचा चेहरा तेवढा आजच लपवा, सेटिंगमध्ये सोय असते.

आणि फोनवरच्या सेशनला कमी लेखू नका हो. मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड तर पेशंटला कोचावर झोपवून स्वतः मागे बसायचे, दिवसाचे आठ तास लोकांनी टक लावून बघणं सहन होत नाही असं त्यांनी १९१३ मध्ये सरळ लिहून ठेवलंय! माझ्या त्या क्लायंटही शेवटी बोलल्या त्या फोनवरच, पार्क केलेल्या गाडीत बसून, कारण घरात एकटं बसायला खोलीच नव्हती.

म्हणूनच सुरुवातीला 'आत्ता कुठे आहात, जवळपास कोण आहे' हे विचाराच, पत्ता आणि जवळच्या एकाचा नंबर आधीच घेऊन ठेवा, कोणी जीव द्यायचं बोललं तर मदत पाठवायची कुठे? कोणी खोलीत आलं तर विषय बदलायला एखादा शब्दही ठरवून ठेवा.

आणि दोन कॉलच्या मध्ये पंधरा मिनिटं उठाच, पूर्वी पुढच्याला आत बोलवायला निदान दारापर्यंत तरी जायचो आपण.