उकळी न फुटलेले पाणी : ‘अतितप्त’ म्हणावे की ‘उकळते’?

मायक्रोवेव्हच्या एका माहितीपुस्तिकेचे मराठी भाषांतर करताना ‘सुपरहीटेड’ पाण्याविषयीच्या सूचनेत प्रश्नकर्त्यांनी ‘अतितप्त पाणी’ असा शब्द योजला होता. मजकूर तपासणाऱ्याने तो बोजड ठरवून त्या जागी ‘उकळते पाणी’ केले. दोहोंपैकी बरोबर कोणते आणि याहून सोपा मराठी शब्द मिळेल का, असे त्यांनी विचारले आहे.

‘उकळते पाणी’ आधी बाजूला काढू, कारण ते वस्तुस्थितीच्या नेमके उलटे आहे. समुद्रसपाटीच्या हवादाबाला पाणी 100 अंश सेल्सिअसला उकळते, असे आपण शाळेत शिकतो. पण या तापमानाच्या पुढे जाऊनही जे पाणी उकळलेले नाही, त्यालाच ‘सुपरहीटेड’ म्हणतात. त्याच्यात बुडबुडे नसतात, खळखळ नसते, पृष्ठभाग निवांत असतो. आता पुस्तिकेत ‘उकळते पाणी अचानक उसळू शकते’ असे छापले, तर वाचणारा कपाकडे पाहील, बुडबुडे दिसले नाहीत म्हणून पाणी अजून तापलेच नाही असे समजेल आणि आणखी एक मिनिट लावून कप पुन्हा आत ठेवील. जो अपघात टाळण्यासाठी सूचना लिहिली, त्याचीच तयारी तिने करून दिल्यासारखे होईल. बोजड शब्द परवडतो, चुकीचा नाही.

मात्र ‘उकळणे’ या क्रियापदाच्या शेजारीच मराठीने एक फार नेमका वाक्प्रयोग ठेवलेला आहे, तो म्हणजे ‘उकळी फुटणे’. अंकुर फुटतो, पालवी फुटते, पाझर फुटतो, घाम फुटतो, वयात येणाऱ्या मुलाला कंठ फुटतो. या सगळ्यांत आत तयारी झालेली असते आणि ती कुठल्या तरी जागी, कुठल्या तरी क्षणी बाहेर पडते. तापमान चढणे ही एक गोष्ट आणि उकळी फुटणे ही दुसरी, हा भेद या प्रयोगात आपोआप सांभाळला जातो, आणि पदार्थविज्ञानही तेच सांगते. पाण्याच्या पोटात वाफेचा बुडबुडा निर्माण व्हायचा, तर त्याला भोवतालचे पाणी बाजूला सारावे लागते, आणि पृष्ठताण, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागाची आकसण्याची ओढ, त्या बुडबुड्याला सतत चिरडू पाहत असतो. बुडबुडा जितका लहान, तितका हा दाब अधिक. एक मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, इतकी त्रिज्या असलेला बुडबुडा टिकायचा, तर आतल्या वाफेला हवेच्या दाबाशिवाय आणखी जवळजवळ तेवढाच, किंबहुना थोडा जास्त, दाब पेलावा लागतो. तेवढा दाब देणारी वाफ पाणी साधारण 123 अंशांना पोचल्याशिवाय मिळत नाही. आता प्रत्येक बुडबुडा अगदी लहानापासूनच सुरू होणार असेल, तर 100 अंशांना पाणी कधी उकळूच नये. तरी ते रोज उकळते, कारण बुडबुड्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. भांड्याच्या तळाचे ओरखडे, भेगा, धुळीचा एखादा कण, अशा ठिकाणी हवेचे सूक्ष्म कप्पे आधीच अडकून बसलेले असतात आणि वाफ त्यांच्यात शिरून त्यांना फुगवते. थोडक्यात, उकळीला फुटायला जागा लागते.

शेगडीवर ही जागा सहज मिळते. तिथे भांड्याचा तळ सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त तापतो, आणि घासून घासून ओरखडलेल्या धातूच्या तळाला कप्प्यांची ददात नसते. मायक्रोवेव्हमध्ये हे गणित फिरते. 2.45 गिगाहर्ट्झ वारंवारतेच्या लहरी कपाला फारसे न तापवता थेट पाण्यात शिरतात, पाणी स्वतः तापते आणि कप पाण्यामुळे तापतो. त्यामुळे कपाची भिंत आतल्या पाण्यापेक्षा किंचित थंडच राहते. त्यात कप नवा, गुळगुळीत काचेचा किंवा चकचकीत झिलईचा असला आणि पाणी आधी एकदा उकळून निवलेले, म्हणजे विरघळलेली हवा निघून गेलेले असले, तर 100 अंश कधी मागे पडले याचा पत्ताही लागत नाही.

दोष सगळा या यंत्राचा मात्र नव्हे. जिनिव्हाचे शास्त्रज्ञ झां-आंद्रे द ल्यूक यांनी अठराव्या शतकात पाण्यातली विरघळलेली हवा काढून टाकण्यासाठी पाण्याची कुपी सुमारे चार आठवडे हलवत ठेवली होती. झोपेखेरीज ती फारशी खाली ठेवली नाही म्हणतात. मग तापवल्यावर ते पाणी 112 अंशांपर्यंत न उकळता राहिले. पाणी धातूच्या भांड्यापेक्षा काचेच्या भांड्यात अंशभर उशिरा उकळते, असे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसाक यांना आढळले होते. आणि एकोणिसाव्या शतकात स्विस भौतिकशास्त्रज्ञ लुई ड्युफूर यांनी पाण्याचे थेंब तेलात तरंगत ठेवून, म्हणजे भांड्याची भिंतच वगळून, 178 अंशांपर्यंत द्रवरूपात राखले. ‘उत्कलनबिंदू’ (उकळण्याचे तापमान) या शब्दातला ‘बिंदू’ वाटतो तितका टोकदार नाही, हे यावरून ध्यानात यावे.

आता त्या निवांत कपाकडे वळू. पाव लिटर पाणी आहे आणि ते 105 अंशांवर पोचले आहे असे धरा. कोणी कप उचलला, त्याला जरासा धक्का बसला, किंवा त्यात चमचाभर साखर टाकली. साखरेच्या प्रत्येक कणाला हवेची कोंदणे असतात. इतका वेळ न मिळालेल्या जागा एकदम हजारोंनी मिळतात. वरच्या 5 अंशांची उष्णता क्षणात वाफ करण्यात खर्ची पडते, पाणी 100 अंशांवर उतरते. हिशेब केला तर या झटक्यात वाफ होते ती अवघ्या सव्वादोन ग्रॅम पाण्याची, पण ती वाफ जवळजवळ 4 लिटर जागा मागते, आणि कप तर पाव लिटरचा. वाट अडवणारे कढत पाणी मग वर फेकले जाते, आणि ते वाकून पाहणाऱ्याच्या तोंडावर किंवा कप धरलेल्या हातावर येते.

याला ‘स्फोट’ म्हणावे का, असाही उपप्रश्न होता. काही पेटत नाही म्हणून तो शब्द अतिशयोक्त वाटण्याची शक्यता आहे, पण ‘फुटणे’ आणि ‘स्फोट’ हे दोन्ही शब्द ‘स्फुट्’ या एकाच संस्कृत धातूचे आहेत. शेगडीवर जी उकळी एकेका बुडबुड्याने फुटत राहते, तीच इथे साठून एकदम फुटते. व्युत्पत्तीला माझी काही हरकत नाही. सूचनेत मात्र हा शब्द मी टाळीन, कारण वाचणाऱ्याला कप किंवा यंत्र फुटते असे वाटेल.

राहिला ‘अतितप्त’. हा शब्द चूक नाही, पण त्याचा ‘अति’ फसवा आहे. संस्कृतात या उपसर्गाचा एक अर्थ ‘ओलांडून पलीकडे’ असा आहे: अतिक्रमण, अतींद्रिय. रोजच्या मराठीत मात्र ‘अति’ म्हणजे ‘फार, प्रमाणाबाहेर’: अतिखर्च, अतिवृष्टी. शास्त्राला पहिला अर्थ हवा आहे आणि वाचकाला दुसरा ऐकू येतो. ‘अतितप्त पाणी’ म्हणजे फार गरम पाणी, असे समजून तो पुढे जातो. शिवाय अभियांत्रिकीत ‘अतितप्त वाफ’ हा प्रयोग रुळलेला आहे, आणि ती वाफ या पाण्यासारखी नाजूक अवस्थेत मुळीच नसते. धक्का दिला म्हणून तिचे काही बिघडत नाही. प्रेशर कुकरमधले 120 अंशांचे पाणीही या अर्थाने अतितप्त नव्हे, कारण तिथे दाब वाढल्यामुळे उकळण्याचे तापमानच वर सरकलेले असते. तांत्रिक लेखात ‘अतितप्त’ ठेवावा, मात्र पहिल्याच उल्लेखात ‘उत्कलनबिंदू ओलांडूनही न उकळलेले’ असा खुलासा जोडावा.

बोलीतले पर्याय पाहिले तर ‘कढत’ जवळचा आहे. तो ‘क्वथ्’ या धातूपासून आला आहे, ‘काढा’ही त्याच घरचा. ‘कढत’ म्हणताना पाणी पोळेल एवढे कळते आणि उकळण्याचा दावा होत नाही, ही त्याची सोय. पण 100 अंश ओलांडल्याची खूण त्यात नाही. ‘उतू जाणे’ नको. उतू जाते ते दूध, सायीखाली वाफ कोंडून हळूहळू चढत. ते पाहून शेगडी बंद करायला सवड मिळते. इथे क्रियापद ‘उसळणे’च हवे.

एकशब्दी नावाचा हट्ट सोडून पुस्तिकेत मी पुढील मजकूर घालीन : ‘मायक्रोवेव्हमध्ये तापवलेले पाणी बुडबुडे न येताही उकळत्या पाण्याहून गरम असू शकते. अशा, उकळी न फुटलेल्या पाण्याला धक्का लागल्यास किंवा त्यात साखर, कॉफीची पूड अथवा चमचा घातल्यास ते एकदम उसळून अंगावर येते. आवश्यकतेपेक्षा जास्त वेळ तापवू नये; तापवण्यापूर्वी पाण्यात लाकडी काडी ठेवावी; यंत्र थांबल्यावर कप निदान अर्धा मिनिट आतच राहू द्यावा आणि त्यावर वाकू नये.’ तपासणाऱ्याने ‘उकळी न फुटलेल्या’ हे शब्दही बोजड ठरवले, तर त्याजागी ‘उकळी दबलेल्या’ चालेल; ‘उकळत्या’ तेवढे करू देऊ नये.