कोयता बनवणाऱ्यावर गुन्हा येतो का?

अक्कलकोट रोड एमआयडीसीत तुमच्या भावाचं ऊसतोडीच्या कोयत्यांचं वर्कशॉप आहे, त्यातला एक कोयता हाणामारीत सापडला आणि पोलिसांची नोटीस आली, असं तुम्ही लिहिलंय. आधी नोटिशीवरचं कलम बघा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) १७९ किंवा ९४ असेल, तर साक्षीसाठी किंवा कागदांसाठी बोलावलंय. ३५(३) असेल तर संशय भावावर आहे. मग वकिलाशी बोलूनच जा, पण जाणं टाळू नका.

नुसती वस्तू बनवली म्हणून गुन्ह्याची जबाबदारी येत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ नं केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी घडवलेल्या वस्तू शस्त्राच्या व्याख्येबाहेर ठेवल्यात. आपल्या माळशिरस-पंढरपूरकडचे फड कोयत्यावरच चालतात. एका गुंडापायी कारागिरांना आरोपी केलं, तर ऊस तोडायचा कशानं?

भारतीय न्याय संहितेच्या (जुन्या आयपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम ४५ प्रमाणे गुन्ह्याला साथ म्हणजे चिथावणी, कट किंवा जाणूनबुजून केलेली मदत. म्हणजे भावाला काय माहीत होतं, यावर सगळं ठरतं. कुणी दोन फुटी पातं, दोन्हीकडून धार अशी ऑर्डर दिली आणि ती करून दिली, तर तो शेतीचा कोयता राहत नाही. शेती किंवा घरकामासाठी न घडवलेली, नऊ इंचांहून लांब पात्याची धारदार हत्यारं शस्त्र नियम २०१६ मध्ये शस्त्र म्हणून येतात.

जाहिरातीचंही तसंच. अमेरिकेत २०१२ च्या सँडी हूक शाळेतल्या गोळीबारानंतर पालकांनी रेमिंग्टन या बंदूक कंपनीच्या जाहिरातींवर बोट ठेवलं आणि २०२२ मध्ये ७.३ कोटी डॉलरला तडजोड झाली. उलट २०२५ मध्ये बंदूक कंपन्यांवरचा मेक्सिकोचा दावा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही, कारण गुन्ह्याला जाणूनबुजून मदत केल्याचं दाव्यातून दिसत नव्हतं. आपल्याकडचा कायदा वेगळा आहे, तरी भाईगिरीचं गाणं लावून कोयत्याचे रील टाकले असतील तर पुढे ते टाकणं बंद करा. जुने मात्र आता पुसू नका, ते पुरावा नष्ट करणं ठरेल.

जखमी माणूस भरपाई मागेल ही भीती सोडा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ८७ नुसार वस्तूचा गैरवापर झाला असेल तर विक्रेत्यावर दावा चालत नाही. मूठ निसटून तोडणी कामगाराला लागलं, तर मात्र तो दोष भावाच्या मालाचा.

बिलबुक घेऊन जा, दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्या.