कंसातली बायको

प्रश्न : मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. परदेशात मातृआरोग्यात पीएचडी करतोय. विषय : गरोदर बायका दवाखान्यात उशिरा का पोहोचतात. गाइडने तिसरं प्रकरण तिसऱ्यांदा परत पाठवलंय. इतकी वर्षं डॉक्टर म्हणून मान होता, इथे नुसता विद्यार्थी. (घरी बायकोला आठवा महिना आहे. दोन दिवस डोकं दुखतंय म्हणते, पण ती मुळातच घाबरट.) सगळं सोडून परत जाऊ का?

उत्तर : डॉक्टर, गाइडचं नंतर बघू. चार पानी पत्रात साडेतीन पानं गाइडची, आणि बायको कंसात!

थॅडियस आणि मेन या संशोधकांनी १९९४ साली मांडलेले तीन विलंब हा तुमच्या प्रबंधाचा पाया, असं तुम्हीच लिहिलंय : दवाखान्यात जायचं ठरवण्यात, तिथे पोहोचण्यात आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यात. त्यातल्या पहिल्याबद्दल किती पोटतिडकीनं लिहिता! 'होतं असं' म्हणून कूस बदलणारे नवरे तुम्ही मुलाखती घेऊन टिपलेत. एक मुलाखत मात्र राहिली. तुमची.

मी डॉक्टर नाही. पण विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याच्या वर गेला, लघवीत प्रथिनं सापडली, तर ते प्रीएक्लॅम्पसियाचं, म्हणजे गरोदरपणातल्या धोकादायक रक्तदाबाच्या विकाराचं लक्षण, हे तुम्ही झोपेतही सांगाल. आठव्या महिन्यात अशी डोकेदुखी घेऊन एखादी तुमच्या ओपीडीत आली असती, तर तुम्ही आधी बीपीचा पट्टा बांधला असता. ती स्वभावानं कशी आहे, हे विचारत बसला नसता. तोंडावर, हातांवर सूज आहे का, डोळ्यांपुढे काजवे चमकतात का, बरगड्यांखाली दुखतं का, यातलं काही विचारलंत घरी? पत्रात तरी दिसलं नाही. जगभरच्या मातामृत्यूंचा २०२३ सालचा आकडा तेवढा आहे, सुमारे २ लाख ६० हजार.

हे छापून येईपर्यंत थांबायची माझी हिंमत नव्हती. पत्र वाचलं त्याच रात्री तुम्हाला कळवलं, तेच इथे पुन्हा लिहिते, कारण अशी कंसातली बायको आणखीही घरांत असेल. आत्ता फोन लावा. तिला आजच बीपी आणि लघवी तपासायला पाठवा. रात्र झाली असली तरी. आकडे कळेपर्यंत फोन ठेवू नका. सगळं ठीक निघालं, तर त्या 'घाबरट' शब्दाबद्दल तिची माफी मागा, आणि डोकं दुखायचं थांबलं का, हे रोज विचारा.

प्रकरण चौथ्यांदा परत आलं तर येऊ दे.