फवारणीच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या धुऱ्यावर जाळल्या तर चालतात का, आणि हा कोणता कचरा?

जाळू नयेत, हा शेतीतून निघणारा असला तरी घातक कचरा आहे आणि पऱ्हाटी किंवा तुराट्यांसारखा तो मातीत कुजून जात नाही. बाटलीच्या तळाशी आणि झाकणाच्या आट्यांत औषधाचा अंश राहतो, त्यामुळे ती जाळल्यास प्लास्टिकच्या धुरासोबत विषारी वायू श्वासात जातात, आणि नाल्यात फेकल्यास तोच अंश पहिल्या पावसात गुरांच्या पाण्यात उतरतो. कीटकनाशक नियम, १९७१ मधील नियम ४४ नुसार अशी वेष्टने पुन्हा वापरली जाऊ नयेत म्हणून फोडून वस्तीपासून दूर पुरावीत. (धुतलेल्या डबकीत रॉकेल किंवा तेल ठेवण्याची सवय याच कारणाने धोक्याची.) पंप भरतानाच बाटली तीनदा विसळावी, ते पाणी पंपातच ओतावे आणि मग बुडाला भोक पाडावे. मात्र विहीर, बोअर किंवा नाल्याजवळ, तसेच पाणी साचणाऱ्या खोलगट जमिनीत पुरणे टाळावे. विक्रेता किंवा कंपनी रिकाम्या बाटल्या परत घेत असेल, तर पुरण्यापेक्षा तोच मार्ग बरा.