ऑफर लेटर आलं, कानाची मशीन दिसली, नोकरी गेली

प्रश्न : मॅडम, मी नागपूरची, वय 27. बी.कॉम. झालं आहे, टॅली आणि जीएसटीचा कोर्स केला आहे. लहानपणापासून दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, मशीन लावते. चार वर्षं एका सीएंच्या ऑफिसात होते. यंदा बुटीबोरीच्या एका कंपनीत अकाउंट्स असिस्टंटसाठी मुलाखतीचे दोन राउंड झाले, ईमेलवर ऑफर लेटर आलं, जॉइनिंगची तारीख ठरली, म्हणून मी जुनी नोकरी सोडली. मेडिकलच्या फॉर्मवर 'ऐकण्याचा त्रास आहे का' असं विचारलं होतं. मी खरं लिहिलं. डॉक्टरांनी माझ्यासमोर 'फिट' लिहिलं. दोन दिवसांनी एचआरचा फोन आला : "तुम्ही आधीच सांगायला हवं होतं. आमच्याकडे पार्ट्यांशी फोनवर बोलावं लागतं, तुम्हाला नाही जमणार." लेखी काहीच दिलं नाही. आई म्हणते, फॉर्मवर लिहिलंसच कशाला. प्रायव्हेट कंपनीवर काही करता येतं का? पुढच्या वेळी लपवू का? माझं सर्टिफिकेट 2013चं आहे, 52 टक्के.

उत्तर : ताई, आईच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तोच तुम्हाला जास्त लागलेला दिसतो. फॉर्मवर खरं लिहिलंत ते बरोबर केलंत. आज तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम कागद तोच आहे. तिथे 'नाही' लिहून सही केली असती आणि सहा महिन्यांनी कुणाच्या लक्षात आलं असतं, तर 'खोटी माहिती दिली' एवढ्या एका कारणावर कंपनीने तुम्हाला काढलं असतं आणि भेदभावाचा मुद्दा बाजूलाच राहिला असता. आता त्यांना तसं म्हणायची सोय नाही. मुलाखतीत कुणी विचारलं नाही, फॉर्मवर विचारलं तिथे तुम्ही सांगितलं. यात लपवालपवी कुठे आहे?

आता कायदा. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, 2016 हा कायदा 19 एप्रिल 2017पासून लागू आहे. 'हा कायदा सरकारी नोकरीपुरताच' असं अनेक जण, कधी कधी वकीलही, सांगतात. ते अर्धंच खरं आहे. 4 टक्के आरक्षण देणारं कलम 34 सरकारी आस्थापनांसाठी आहे. नोकरीतल्या भेदभावाला थेट मनाई करणारं कलम 20 हेही सरकारी आस्थापनांबद्दलच बोलतं, आणि कंपनीचा वकील पहिल्यांदा त्याच्यावरच बोट ठेवेल. पण त्याआधी कलम 3 येतं. त्याचं तिसरं उपकलम सांगतं की दिव्यांगत्वाच्या कारणावरून कोणत्याही दिव्यांग व्यक्तीशी भेदभाव करता येणार नाही. अपवाद एकच, तसं करणं एखाद्या रास्त उद्देशासाठी आणि त्या उद्देशाच्या प्रमाणात होतं हे दाखवून दिलं तरच. तिथे 'सरकारी' हा शब्द नाही. आणि दाखवून द्यायचं आहे ते कंपनीला, तुम्हाला नाही.

भेदभाव म्हणजे काय, हेही कायद्याने सांगून ठेवलं आहे. 'वाजवी सोय' नाकारणं हासुद्धा भेदभावच. वाजवी सोय म्हणजे त्या माणसाला इतरांच्या बरोबरीने काम करता यावं म्हणून केलेला असा बदल, ज्याचा मालकावर अवाजवी बोजा पडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 11 फेब्रुवारी 2021च्या विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या निकालात हे तत्त्व नीट उलगडून सांगितलं आहे. तो खटला परीक्षेत लेखनिक मिळण्याबद्दलचा होता, पण न्यायालयाने एक गोष्ट सगळ्यांसाठीच स्पष्ट केली : वाजवी सोयीचा हक्क 40 टक्क्यांच्या अटीला बांधलेला नाही. टक्केवारी लागते ती आरक्षणासाठी.

तुमच्या कामाकडे पाहू. अकाउंट्स असिस्टंट दिवसभर काय करते? खरेदीची बिलं चढवते, बँक रिकन्सिलिएशन करते, पार्टीचं लेजर जुळवते, जीएसटीचा टू-बी (पुरवठादारांनी भरलेल्या बिलांचा पोर्टलवरचा तक्ता) आपल्या खरेदीशी ताडून पाहते, टीडीएसची यादी तयार करते. यातलं बहुतेक काम डोळ्यांचं आणि डोक्याचं आहे. फोन येतो तो पेमेंटच्या फॉलोअपसाठी किंवा लेजर कन्फर्मेशनसाठी, आणि तेही हल्ली निम्म्याहून अधिक ईमेल-व्हॉट्सॲपवर चालतं. उरलेले फोन शेजारच्या टेबलवरचा सहकारी घेऊ शकतो आणि त्याच्या बदल्यात त्याचं रिकन्सिलिएशन तुम्ही करू शकता. मशीनला ब्लूटूथने जोडलेला मोबाइल चालतो. बोलणं अक्षरांत दाखवणारं ॲप फुकट मिळतं. यात बोजा कुठला?

आणखी एक बाब, जी तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. तुम्हाला फोन जमणार नाही, हे कंपनीने तुम्हाला फोनवरच सांगितलं. तो संवाद तुम्ही नीट ऐकलात, समजून घेतलात आणि वाक्यासकट मला लिहून पाठवलात. तारखेसह, वेळेसह तो आजच वहीत लिहून ठेवा. मोबाइलमधल्या कॉलच्या नोंदीचा स्क्रीनशॉट काढा. ऑफर लेटर, मुलाखतीचे ईमेल, जुन्या नोकरीचा राजीनामा आणि तो स्वीकारल्याचा कागद हे सगळं एका फाइलमध्ये ठेवा. राजीनाम्याची तारीख ऑफरनंतरची आहे, हे पुढे फार कामाचं ठरणार आहे.

आता पहिलं पाऊल. वकिलाची नोटीस लगेच नको. ऑफर ज्या पत्त्यावरून आली त्याच पत्त्यावर, कंपनीच्या प्रमुखाला प्रत ठेवून, तुमच्याच नावाने एक ईमेल पाठवा. रागाचा एकही शब्द नको. साधारण असं :

'अमुक तारखेच्या ऑफर लेटरनुसार माझी अकाउंट्स असिस्टंट पदासाठी निवड झाली. त्यावर विसंबून मी आधीच्या नोकरीचा राजीनामा दिला. वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांनी मला फिट ठरवलं. त्यानंतर अमुक तारखेला अमुक वाजता आपल्या एचआर विभागाने फोनवरून, मला कमी ऐकू येतं या कारणाने ऑफर रद्द केल्याचं सांगितलं. या पदाचं काम मी चार वर्षं केलं आहे. फोनवरच्या बोलण्यासाठी मला पुढील सोय पुरेशी आहे : पार्ट्यांशी पत्रव्यवहार ईमेलवर आणि गरजेचे फोन ब्लूटूथने किंवा सहकाऱ्यामार्फत. कृपया ऑफर कायम असल्याचं कळवावं. तसं शक्य नसल्यास त्याचं कारण, माझ्या वैद्यकीय अहवालाची प्रत आणि दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियमाच्या कलम 21 खालील आपलं समान संधी धोरण लेखी पाठवावं.'

शेवटच्या वाक्यातल्या तीन मागण्या मुद्दाम घातल्या आहेत. केंद्राच्या 2017च्या नियमांनुसार अशी तक्रार आली की 20 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेच्या प्रमुखानेही एकतर कारवाई करायची, नाहीतर आपली कृती कशी रास्त आहे ते लेखी कळवायचं. फोनवर सहज बोललं जाणारं कारण कागदावर लिहायची वेळ आली की कंपनीत कुणीतरी कायदा विभागाला विचारतं, आणि बरीच प्रकरणं तिथेच वळण घेतात. ऑफर लेटरमध्ये 'वैद्यकीयदृष्ट्या पात्र ठरल्यास' अशी अट असेलच. कंपनी तिचा आधार घेईल, म्हणून अहवालाची प्रत हवी. डॉक्टरांनी 'फिट' लिहिलं असेल तर ती अट तुम्ही पूर्ण केली आहे.

समान संधी धोरणाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण खासगी कंपन्यांविरुद्ध हे हत्यार फारसं कुणी वापरत नाही. कलम 21 प्रत्येक आस्थापनेला, खासगीलासुद्धा, असं धोरण जाहीर करायला सांगतं. 20 किंवा जास्त कर्मचारी असतील तर दिव्यांगांना योग्य अशी पदं कोणती, निवड कशी होईल, कोणती साधनं पुरवली जातील हे त्यात लिहावं लागतं आणि या कामासाठी एक संपर्क अधिकारी नेमावा लागतो. धोरण वेबसाइटवर किंवा ऑफिसात ठळक जागी लावायचं आणि त्याची प्रत आयुक्तांकडे नोंदवायची. तुमच्या कंपनीने ती नोंदवली आहे का, हे पुण्याच्या दिव्यांग आयुक्त कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज करून विचारा. फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. 'अशी नोंद आढळत नाही' असं उत्तर आलं तर तक्रारीला जोडायला दुसरा कागद मिळाला.

ईमेलला दोन आठवड्यांत समाधानकारक उत्तर आलं नाही तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा. साक्षीदार बोलावणं, कागदपत्रं मागवणं यासाठी त्यांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. भेदभावाच्या तक्रारीसाठी नियमांत 60 दिवसांची मुदत आहे. प्रत्यक्षात त्याहून उशीर होईल, हे धरून चला. आयुक्त करतात ती शिफारस असते. कलम 81 प्रमाणे समोरच्याने तिच्यावर कारवाई करून तीन महिन्यांत कळवायचं असतं, आणि शिफारस मान्य नसेल तर कारण द्यायचं असतं. कायदा मोडल्याबद्दल कलम 89 खाली पहिल्या वेळी 10 हजारांपर्यंत दंड आहे, पुढच्या वेळी 50 हजार ते 5 लाख. रक्कम मोठ्या कंपनीला जड नाही, पण कोणत्याही कंपनीला आपल्या नावापुढे अशी नोंद नको असते.

आता स्पष्ट बोलते. हीच नोकरी कोर्टाकडून हुकमाने मिळवणं कठीण आहे. खासगी कंपनीविरुद्ध उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात रिट सहसा टिकत नाही, आणि वैयक्तिक सेवेचा करार जबरदस्तीने पाळायला लावणं विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमात बसत नाही. नुकसानभरपाईचं मात्र वेगळं आहे. तुम्ही त्यांच्या लेखी ऑफरवर विसंबून पगाराची नोकरी सोडली. सगळ्या अटी तुम्ही पूर्ण केल्या होत्या, तर करार कायद्याच्या कलम 73 खाली झालेलं नुकसान मागता येतं, आणि त्यासाठी तीन वर्षांची मुदत आहे. माझं मत विचाराल तर दिवाणी दावा शेवटी ठेवा. आयुक्तांकडच्या तक्रारीतच भरपाईची मागणी लिहा आणि तडजोडीचं बोलणं आलं तर दार बंद करू नका. दुसऱ्या विभागात नेमणूक किंवा काही महिन्यांचा पगार, यापैकी काय पदरात पडलं तर तुम्हाला चालेल, ते आधीच ठरवून ठेवा.

तोवर घर चालायला हवं. जुन्या सीएंना भेटून झालं ते सरळ सांगा. चार वर्षं ज्यांनी तुमचं काम पाहिलं ते पुन्हा घेतील किंवा चांगलं अनुभव प्रमाणपत्र तरी देतील. यात कमीपणा वाटून घ्यायचं काही कारण नाही. दुसरीकडे काम मिळालं म्हणून तुमची तक्रार संपत नाही.

पुढच्या मुलाखतींबद्दल. बायोडेटात दिव्यांगत्व लिहिलंच पाहिजे असं कायद्यात कुठेही नाही. आरक्षित जागेसाठी अर्ज असेल तर अर्थातच लिहावं लागेल. मुलाखतीत तुमचं काम बोलू द्या. ऑफर हातात आली की राजीनामा देण्याआधी एक ईमेल करा : 'मी श्रवणयंत्र वापरते, मला एवढी एवढी सोय लागेल.' नुसतं 'मला कमी ऐकू येतं' असं सांगू नका, सोयीसकट सांगा. समोरच्याला अडचणीआधी उपाय दिसतो, आणि तरीही कुणी मागे फिरलं तर निदान हातची नोकरी शाबूत राहते.

एक काम मात्र या आठवड्यातच सुरू करा. 2013चं सर्टिफिकेट जुन्या कायद्याखालचं आहे. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, ऑनलाइन अर्ज करा आणि मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या कान-नाक-घसा विभागात ऑडिओग्राम (ऐकण्याच्या क्षमतेचा आलेख) आणि बेरा (आवाजाला मेंदूचा प्रतिसाद मोजणारी) तपासणी करून घ्या. इथे अनेक जण टक्के आणि डेसिबल यांची गल्लत करतात. नव्या कायद्याच्या व्याख्येत दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्ट्यातली घट 60 ते 70 डेसिबल असेल तर 'ऐकू कमी येणारी' व्यक्ती आणि 70 किंवा त्याहून जास्त असेल तर 'कर्णबधिर'. टक्के हे त्यावरून काढलेलं वेगळं गणित आहे, आणि आरक्षणासाठी ते किमान 40 लागतात. तपासणीचे मूळ रिपोर्ट कधीही टाकून देऊ नका. 2024पासून प्रमाणपत्रांची छाननी फार कडक झाली आहे. खऱ्या उमेदवारालाही पुन्हा तपासणीला बोलावतात, तेव्हा जुना ऑडिओग्राम उपयोगी पडतो.

कार्ड आलं की सरकारी भरतीचे अर्ज भरा. 4 टक्क्यांतला 1 टक्का कर्णबधिर आणि कमी ऐकू येणाऱ्यांसाठी स्वतंत्र आहे. लिपिक, लेखा सहायक अशी पदं तुमच्या शिक्षणात बसतात, वयाची सवलत आहे, आणि हे आरक्षण समांतर, म्हणजे सगळ्या जात-प्रवर्गांना लागू होणारं, असल्याने त्यासाठी जातीचा दाखला लागत नाही. जाहिरातीत त्या पदापुढे तुमचा प्रवर्ग लिहिला आहे ना, ते पाहून घ्या. नसेल तर अर्जाची मुदत संपण्याआधी लेखी हरकत घ्या, निकालानंतर नव्हे. यशवंत स्टेडियममधल्या संयुक्त प्रादेशिक केंद्रात, म्हणजे सीआरसीत, श्रवण तपासणी आणि पुनर्वसनाबद्दल मार्गदर्शन मिळतं. तिथे एकदा जाऊन या.

आणि वकिलाच्या फीची काळजी नको. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987च्या कलम 12 प्रमाणे दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, उत्पन्न कितीही असो. सिव्हिल लाइन्समध्ये जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात वर सांगितलेली फाइल आणि सध्याचं 52 टक्क्यांचं सर्टिफिकेट घेऊन जा. नवं कार्ड येईपर्यंत थांबू नका. बोलणं नीट व्हावं म्हणून शांत खोली किंवा लिहून संवाद हवा असेल तर तिथेही तसं मागा. कंपनीला पाठवलेल्या ईमेलचं उत्तर आलं की ते मला कळवा. त्यातल्या कारणावर पुढची तक्रार कशी लिहायची ते ठरेल.