हप्ता कुठल्या पैशातून?

प्रश्न : मी कुंडई औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. आजवर चार्ट बघूनच शेअर घेतले. ‘गोल्डन क्रॉस’ (थोड्या दिवसांच्या सरासरी भावाची रेषा जास्त दिवसांच्या रेषेला ओलांडून वर जाणं) झाला की खरेदी, आरएसआय (भावाच्या चढउताराचा जोर मोजणारा आकडा) ३० च्या खाली गेला की आणखी खरेदी. पैसे येतात तसे जातात. आता कंपनीचे आकडे वाचून शेअर निवडावे म्हणतो, पण शिक्षण आयटीआयचं आणि वार्षिक अहवाल उघडला की झोप येते. सुरुवात कुठून करू? चार्ट सोडूनच द्यावेत का?
– एक वाचक, माशेल

उत्तर : झोप मलाही येते. सुरुवातीची गुळगुळीत पानं फोटोंची आणि अध्यक्षांच्या भाषणाची. ती खुशाल उलटा.

माझी नोकरी फोंड्यात, बॅंकेच्या कर्ज विभागात झाली. ट्रकवाले, बार्जवाले, काजू कारखानदार, सगळे टेबलासमोर बसून गेले. धंदा कसा जोरात आहे हे प्रत्येकजण रंगवून सांगायचा. आम्ही विचारायचो एकच : हप्ता कुठल्या पैशातून भरणार? शेअर घेतानाही मी हेच विचारतो.

म्हणून आधी रोख प्रवाहाचं पत्रक काढा. धंद्यातून प्रत्यक्ष किती रोकड आली ती ओळ शोधा आणि शेजारी नफा लिहा. घसारा हा कागदावरचा खर्च. रोकड काढताना तो नफ्यात परत जोडला जातो, त्यामुळे चांगल्या कारखान्याची रोकड सहसा नफ्याहून जास्तच दिसते. समजा, नफा १०० कोटी आणि रोकड १५ कोटी. मग ताळेबंदात ‘येणी’ बघा. बहुधा पैसा तिथे अडकलेला असतो : माल गेला, बिल फाडलं, वसुली नाही. नाहीतर माल गोदामात पडून असतो. येणीला वर्षाच्या विक्रीने भागून ३६५ ने गुणलं की उधारी किती दिवसांची ते कळतं. एखादं वर्ष वाईट जातं, समजू शकतो. पण हे दिवस दरवर्षी वाढतच असतील तर मी तो अहवाल मिटतो, मग चार्ट कितीही देखणा असो.

प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनीच्या मूळ मालकांनी, स्वतःचे शेअर गहाण टाकलेत का, हे शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर दर तिमाहीला फुकट दिसतं. तेही बघा.

ताळेबंदही खोटा असू शकतो, हे खरं. ‘सत्यम’मध्ये बॅंकेत दाखवलेली पाच हजार कोटींहून जास्त रोकड मुळात नव्हतीच, २००९ मध्ये ते उघड झालं. म्हणून एवढी रोकड असेल तर तिच्यावरचं व्याज उत्पन्नात दिसतं का, हेही पडताळा.

आता चार्ट. आरएसआय सहसा गेल्या १४ दिवसांचे भाव मोजतो. भाव का पडला ते त्याला कुठून कळणार? आपल्या गोव्यातल्या खाणी २०१२ मध्ये बंद पडल्या. लीजांची (खाणींच्या भाडेपट्ट्यांची) मुदत नोव्हेंबर २००७ मध्येच संपली होती, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं आणि २०१८ मध्ये ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केलं. लीजची तारीख कागदावर असते, भावाच्या रेषेत नसते. खाण कंपनीचा शेअर घेणाऱ्याने ती आधी शोधायची. चार्ट बघायचाच तर शेअरमध्ये रोज उलाढाल किती होते, विकायला गेल्यावर गिऱ्हाईक मिळेल का, एवढ्यापुरता बघा. आणि फ्युचर्स-ऑप्शन्सच्या, म्हणजे पुढच्या भावावर लावलेल्या सौद्यांच्या, नादी लागला असाल तर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचा २०२४ चा अहवाल वाचा : असे सौदे करणाऱ्या १०० व्यक्तींपैकी ९३ जण तीन वर्षांत तोट्यात.

प्रश्न : आमच्या उसगावात एमआरएफचा टायर कारखाना आहे. शेअर मात्र लाखाच्या घरात! एवढा महाग कोण घेणार?
– एक वाचक, उसगाव

उत्तर : एमआरएफचे शेअरच मुळी सुमारे ४२ लाख ४० हजार आहेत. भाव एक लाख धरून गुणा : ४२,४०० कोटी. ही झाली अख्ख्या कंपनीची किंमत. तिला वर्षाच्या नफ्याने भागा आणि आलेला आकडा दुसऱ्या टायर कंपन्यांच्या आकड्याशी ताडून बघा. शेअर महाग की स्वस्त ते त्यावरून ठरवा, नुसत्या भावावरून नाही. नफा सगळ्यांचाच उपकंपन्यांसह एकत्रित घ्या, नाहीतर तुलना फसते.