देवापुढे आधी खरं बोल

तुझा बाप्तिस्मा नुकताच झालाय, म्हणून सांगते बाळा. प्रार्थनेत शब्द सजवू नकोस. मनात राग असेल, हेवा असेल, तर तसंच सांग. बायबलमधली स्तोत्रं रचणाऱ्यांनीही तेच केलं. रात्री स्तोत्र 139 ची शेवटची दोन वचनं म्हणत जा. देवानेच आपलं हृदय तपासावं, कारण आपण स्वतःला फार लवकर माफ करतो.

'देवाने मला सांगितलं' असं कोणी ठासून म्हटलं, अगदी आम्ही वडीलधाऱ्यांनीही, तरी शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून पाहा. बिरुया शहरातले लोक प्रेषित पौलाचं बोलणंसुद्धा रोज शास्त्रात पडताळत. बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये 17:11 मध्ये त्यांचं कौतुकच आहे. उमगलं नाही तर याकोबाच्या पत्रातल्या 1:5 प्रमाणे देवाकडे ज्ञान माग. आणि लग्न-नोकरीचा प्रश्न असला, तर मंडळीतल्या एखाद्या प्रौढ विश्वासणाऱ्याला प्रार्थनेला सोबत घे.